हिशेब दोन्ही बाजूंनी हवा

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात डाळ-तांदूळ रोज लागतो. त्यासाठीचे सरकारी अनुदान हप्त्यांनी येते आणि पुढचा हप्ता कधी, असे विचारले की ‘प्रस्ताव वर गेला आहे’ हे ठरलेले उत्तर मिळते. प्रस्ताव वर जाण्याआधी संस्थेने काय काय जोडायचे याची यादी पक्की असते, त्याच्या तारखाही पक्क्या असतात. वरून पैसे खाली केव्हा येतील याची हमी मात्र कोणी घेत नाही. ज्येष्ठांसाठीच्या सेवांवर खर्च होणाऱ्या सार्वजनिक पैशावर देखरेख हवी की नको, हा वादच नाही. हवीच, आणि कडक हवी. आमची तक्रार अशी की आजची देखरेख फक्त संस्थेकडे पाहते आणि तिथेही तिच्या कागदांपाशीच थांबते. सरकारच्या दिरंगाईकडे तिचे लक्ष नाही आणि ज्याच्या नावाने पैसा निघतो त्या म्हाताऱ्या माणसाकडेही नाही.

केंद्राने ज्येष्ठांसाठीचा एकात्मिक कार्यक्रम १९९२ मध्ये सुरू केला. स्वयंसेवी संस्थांनी वृद्धाश्रम, दिवसभराची काळजी केंद्रे, फिरती वैद्यकीय पथके चालवावीत आणि खर्चाचा भार सरकारने उचलावा, अशी त्याची रचना. २०१८ मध्ये त्याचे नाव बदलले आणि २०२१ पासून तो अटल वयो अभ्युदय योजनेत गेला. त्याखाली किमान २५ निराधार ज्येष्ठांच्या निवासगृहाला किंवा ५० वृद्ध महिलांच्या गृहाला मदत मिळू शकते. महाराष्ट्रात १९९५ पासून मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आहे. शिवाय आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा २००७ चा कायदा आहेच. त्याच्या १९ व्या कलमात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्य सरकारांनी उभारावा, असे म्हटले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये डॉ. अश्वनीकुमार यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला सांगावे लागले की कोणत्या जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत याची माहिती राज्यांकडून गोळा करून आणा. कायद्याला तेव्हा ११ वर्षे झाली होती. किराण्याच्या पावतीवर दुकानदाराचा शिक्का नाही म्हणून प्रस्ताव परत पाठवणाऱ्या यंत्रणेला वृद्धाश्रमांचा साधा आकडा न्यायालयाच्या आदेशाने गोळा करावा लागला.

हा प्रश्न मूठभर माणसांचा नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक १० कोटींहून अधिक होते. महाराष्ट्रात त्यांचे प्रमाण ९.९ टक्के होते, म्हणजे एक कोटीच्या वर, आणि गोव्यात ११.२ टक्के. तेव्हापासून ही संख्या वाढलीच आहे. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशात, गावाकडे दोन म्हातारी माणसे, आणि त्यांतले एक गेले की उरते ते एकटे. मराठवाड्यात आणि कोकणात अशी घरे दाखवायला फार फिरावे लागत नाही.

अशांना सांभाळणाऱ्या एखाद्या मध्यम संस्थेचे वर्ष कागदांत कसे जाते ते पाहावे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली तिची नोंदणी असते, म्हणून लेखापरीक्षण केलेला ताळेबंद आणि जमाखर्च दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचा. आयकर खात्याकडे १२-ए आणि ८०-जीची नोंदणी असते. २०२० च्या वित्त कायद्यानंतर ती ठरावीक मुदतीने नव्याने करून घ्यावी लागते. देणगीदारांचे विवरण ३१ मेपर्यंत वेगळे भरायचे. केंद्राचे अनुदान हवे तर निती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’वर नोंद करायची, मग ‘ई-अनुदान’ पोर्टलवर प्रस्ताव टाकायचा आणि तिथे संस्थेची तीच घटना, तीच विश्वस्तांची यादी, तोच ताळेबंद पुन्हा जोडायचा. त्यानंतर जिल्ह्याची तपासणी, राज्याची शिफारस आणि मग दिल्ली. पैसे आले की खर्च सरकारी पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या ‘पीएफएमएस’ या संगणक प्रणालीवर दाखवायचा. वर्ष संपले की सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधल्या २३८ व्या नियमाप्रमाणे बारा महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचे. ते गेले नाही तर पुढचे अनुदान थांबते. अनुदानाच्या रकमेवर बँकेने व्याज दिले असेल तर तेही सरकारजमा.

यातला एकेक कागद सुटा घेतला तर त्याला कारण आहे, आणि ते कारण बहुधा कोणत्या तरी जुन्या घोटाळ्यातून आलेले आहे. पण चार कार्यालये एकच ताळेबंद चार वेळा मागतात, कारण ती एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्या न बोलण्याची किंमत संस्था भरते. त्यात त्रुटींचा खेळ वेगळा. सगळ्या त्रुटी एकाच पत्राने कळवल्या तर पूर्तता आठवड्यात होईल. होते असे की एका पत्राने विश्वस्तांचा ठराव मागितला जातो. तो दिला की दुसऱ्या पत्राने भाडेकरार, तो दिला की तिसऱ्याने अग्निशमनाचा दाखला. प्रत्येक फेरीत महिना जातो आणि एवढ्यात ३१ मार्च येतो.

पंचवीस-तीस वृद्धांच्या घरात माणसे असतात किती? एक अधीक्षक, एक-दोन स्वयंपाकी, काळजी घेणाऱ्या दोन-तीन बायका, कुठे अर्धवेळ परिचारिका. ज्या दिवशी अधीक्षक पूर्ततेचे कागद घेऊन जिल्ह्याच्या गावी जातो, त्या दिवशी कुणा आजोबांना सिव्हिल हॉस्पिटलला नेणारे कोणी नसते. हप्ता लांबला की वाण्याची उधारी वाढते, ती एखादा विश्वस्त खिशातून भागवतो. पण पगार थकले की काळजी घेणाऱ्या बायका काम सोडून जातात, आणि त्यांना कोणी दोष देऊ नये. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. विस्मरणाचा आजार झालेल्या आजींना रोजचा चेहरा दिसला नाही की त्या जेवत नाहीत. मंजुरीची टिपणी तीन महिने टेबलावर पडून राहते तेव्हा त्याचे परिणाम या खोलीत होतात, पण ते कोणत्याही नस्तीत नोंदले जात नाहीत.

टेबलापलीकडच्या कर्मचाऱ्याला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. मंजूर केलेल्या प्रस्तावात पुढे काही निघाले तर त्याची चौकशी होते, त्याची पेन्शन अडकते. न मंजूर केलेल्या प्रस्तावाबद्दल सहसा कोणी विचारत नाही. अशा नोकरीत शहाणा माणूस आणखी एक कागद मागणारच. दोष या रचनेचा आहे.

या रचनेत टिकतात कोण? ज्यांना कागद जमतात ते. मोठ्या शहरातल्या, पगारी लेखापाल ठेवणाऱ्या, सल्लागाराला पैसे देऊ शकणाऱ्या संस्था. त्यांतल्या पुष्कळ चांगल्या आहेत. पण तालुक्याच्या गावी निवृत्त शिक्षकांनी काढलेला वृद्धाश्रम एक-दोनदा प्रस्ताव करतो, थकतो आणि देणगीवर चालू लागतो. ज्याला सरकारी पैशाची सर्वांत जास्त गरज, तोच आधी बाहेर पडतो. आणि ज्याची नियत खोटी आहे त्याला मात्र कागद कधी अडवत नाहीत, कारण खोट्या माणसाचे कागद नेहमी पूर्ण असतात.

महाराष्ट्राने हे डोळ्यांनी पाहिले आहे. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर शाळांची पटपडताळणी झाली. त्याआधी वर्षानुवर्षे हजेरीपट भरलेले होते, अहवाल वेळेवर जात होते, तपासणीचे शेरे होते. प्रत्यक्ष मुले मोजायला माणसे वर्गात गेली तेव्हा कागदावरची लाखो मुले सापडली नाहीत. जे पटावरच्या मुलांचे झाले ते वृद्धाश्रमातल्या खाटांचे होणार नाही असे मानायला काहीही आधार नाही. म्हणून आम्ही देखरेख कमी करा असे म्हणत नाही. फोटोंची फाईल आणि शिक्क्यांच्या पावत्या कमी करून, न सांगता दारात जाणारी माणसे वाढवा, असे म्हणतो. संध्याकाळी सहाला जावे, ताटात काय आहे ते पाहावे, शौचालयात धरायला कठडा आहे का ते पाहावे, रात्री कोण असते ते विचारावे. संस्थाचालकाला बाहेर थांबवून दोन आजींशी अर्धा तास बोलावे. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने १७ व्या कलमात सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेच्या हाती दिले. वृद्धाश्रमाच्या तपासणी पथकात गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे दोन सदस्य आणि सरकारी दवाखान्याचा डॉक्टर घ्यायला काय हरकत आहे? म्हाताऱ्या माणसाच्या अंगावरचा सुती सदरा स्वच्छ आहे की नाही, हे दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाला चटकन दिसते.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या १९७१ च्या कायद्यात १५ वे कलम आहे. विशिष्ट कामासाठी अनुदान दिले असेल तर देणाऱ्या अधिकाऱ्याने अटी पाळल्या गेल्याची खात्री कशी करून घेतली, ती पद्धतच तपासण्याचा अधिकार हे कलम देते. कायद्याची नजर देणाऱ्याकडेही आहे. पण ‘कॅग’च्या अहवालांतून चर्चा होते ती थकलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांच्या कोट्यवधींच्या आकड्यांची. थकलेल्या मंजुऱ्यांची तेवढीच ठळक मोजणी कोणी केली तर चित्र वेगळे दिसेल.

या बाबतीत अमेरिकेचा एक कायदा पाहण्याजोगा आहे. तिथे ज्येष्ठांसाठीचा कायदा १९६५ चा. त्याखालच्या अनुदानातून घरपोच जेवण, एकत्र भोजनाची केंद्रे, दवाखान्यात ने-आण अशा सेवा चालतात आणि राज्यांना त्याचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. पण अहवालाचा नमुना खात्याच्या मर्जीने ठरत नाही. कागदपत्रांचा भार कमी करण्याचा १९८० चा वेगळा कायदा सांगतो की जनतेकडून माहिती मागणारा प्रत्येक नमुना आधी जाहीर करा, तो भरायला किती वेळ लागेल त्याचा अंदाज त्यासोबत द्या, लोकांच्या हरकती घ्या, आणि ठरावीक मुदतीने पुन्हा मंजुरी घ्या. मंजुरीचा क्रमांक नसलेला नमुना भरला नाही म्हणून कोणाला दंड करता येत नाही. तिथेही भार पुरेसा कमी झाला नाही अशा तक्रारी आहेत आणि तासांचे अंदाज पुष्कळदा कमी धरलेले असतात. तरीही नागरिकाचा वेळ हा सरकारने केलेला खर्च आहे, हे तत्त्व तिथे कायद्याच्या पुस्तकात आहे.

आपल्याकडे उलटे चालते. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या गरजू माणसाला चष्मा, काठी, श्रवणयंत्र घ्यायला एकदाच तीन हजार रुपये मिळतात. खरेदीची पावती त्याने ३० दिवसांत पोर्टलवर चढवायची, नाहीतर वसुलीची तरतूद. श्रावणबाळ निवृत्तीवेतन योजनेचा अर्जदार ६५ च्या पुढचा असतो आणि त्याच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावे लागते. तो जिवंत असल्याचे सरकारला वेळोवेळी पटवत राहतो. ज्याला नीट दिसत नाही म्हणून चष्म्याचे पैसे दिले, त्याला पावती चढवायला महिन्याची मुदत. त्याच्या अर्जावर निर्णय घेणाऱ्यालाही अशीच मुदत आणि अशीच जबाबदारी असायला नको का?

त्यासाठी नवा कायदा करावा लागत नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्येच लोकसेवा हक्क अधिनियम केला. अधिसूचित सेवा मुदतीत दिली नाही तर अपील करता येते आणि जबाबदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ज्येष्ठांच्या सेवा चालवणाऱ्या संस्थांच्या अनुदान प्रस्तावाची जिल्हास्तरावरची तपासणी, राज्याची शिफारस आणि राज्याच्या स्वतःच्या योजनांतले हप्ते या तीन गोष्टी सामाजिक न्याय विभागाने मुदतीसह या कायद्याखाली अधिसूचित कराव्यात. त्रुटी एकदाच, एकाच पत्राने काढायच्या; त्या पत्रात नसलेली त्रुटी नंतर काढता येणार नाही, असा नियम करावा. धर्मादाय आयुक्तांकडे दाखल झालेला ताळेबंद समाजकल्याण कार्यालयाने तिथून घ्यावा, संस्थेकडे मागू नये. दिल्लीत प्रस्ताव अडतो तेव्हा आपले हात बांधलेले आहेत असे राज्य म्हणू शकते, पण दिल्लीला पोहोचेपर्यंतचा प्रवास राज्याच्याच हातात आहे. आणि पहिले वर्ष संपल्यावर किती प्रस्ताव मुदतीत निघाले, किती रखडले, कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या टप्प्यावर रखडले, त्या काळात किती वृद्धाश्रमांना न सांगता भेट दिली गेली, याची जिल्हावार यादी विभागाने अर्थसंकल्पी अधिवेशनात विधिमंडळापुढे ठेवावी.