कोऱ्या कागदावर सही नको

गेल्या महिन्यात आम्ही उरणजवळच्या एका घरी विचारपूस करायला गेलो. घरातला तीस वर्षांचा मुलगा बंदरात ठेकेदाराकडे लॅशिंगचे काम करायचा, म्हणजे जहाजावरचे कंटेनर लोखंडी सळ्यांनी बांधायचे आणि सोडायचे. रात्रपाळीत त्याचा पाय दोन कंटेनरच्या मध्ये सापडला. गुडघ्याखाली पाय कापावा लागला. अम्मी म्हणाल्या, "तकदीर होती, सब्र करतो." तेवढ्यात वडिलांनी एक कोरा कागद पुढे केला. ठेकेदाराचा माणूस पन्नास हजार देतो म्हणाला होता. "भाई, सही करून टाकू का?"

आम्ही म्हटले, थांबा. सब्र जरूर करा, पण मुलाचा हक्क सोडणे म्हणजे सब्र नव्हे.

कामावर जखमी झालेल्याला भरपाई मिळण्याचा हक्क आपल्या देशात 1923 च्या कायद्यापासून आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो कायम ठेवला आहे. ही मालकाची मेहरबानी नाही. चूक मालकाची होती हे कामगाराला सिद्ध करावे लागत नाही. अपघात कामामुळे आणि कामावर असताना झाला, एवढे पुरे. "तुझेच लक्ष नव्हते" म्हणून कोणी हात झटकू शकत नाही. नशा करून कामावर येणे किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडणे, अशा मोजक्याच कारणांनी मालकाला नकार देता येतो. मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर हे कारणही चालत नाही.

"मुलगा आमचा नाही, ठेकेदाराचा आहे," असे उत्तर बंदरावर हमखास मिळते. कायदा म्हणतो, ज्याच्या धंद्याचे काम ठेकेदार करून घेतो, त्या मूळ मालकाकडेही भरपाई मागता येते. तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करील. हक्क सोडल्याचे लिहून घेतले, तरी तो करार कायदा मानत नाही.

रक्कम किती? वय, पगार आणि कमावण्याची ताकद किती गेली, यावर ती ठरते. तीस वर्षांच्या कामगाराला पूर्ण अपंगत्व आले आणि पगार 15,000 धरला, तर त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. त्याला वयाच्या 207.98 या आकड्याने गुणले की 18,71,820 रुपये होतात. अपंगत्व अंशतः असेल तर त्या प्रमाणात कमी. पण एका सुताराचा डावा हात कापावा लागला होता, तेव्हा तो सुतारकाम करूच शकत नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली ते पूर्ण अपंगत्व मानले. लॅशिंगवाल्याचा पाय गेला तर हा निकाल वकिलाला जरूर दाखवावा. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज लागते. योग्य कारणाशिवाय उशीर केला तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही होतो.

पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर भरपाई त्या महामंडळाकडून मिळते, मालकाकडून वेगळी नाही. म्हणून पगाराची चिठ्ठी आधी पाहा.

आता काय करावे? अपघाताची लेखी खबर लगेच द्या आणि पोच घ्या. गेटपास, हजेरी, दवाखान्याचे कागद, मुकादमाचे मोबाईलवरचे निरोप जपून ठेवा. सोबत काम करणाऱ्यांची नावे लिहून घ्या. दाव्याला मुदत असते, त्यामुळे "बरा झाल्यावर बघू" म्हणू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांना तिथे मोफत वकील मिळतो.

त्या घरच्यांनी सही केली नाही. कागद गोळा करणे चालू आहे. मुलगा अजून फारसा बोलत नाही.

ज्यांची मुले बंदरावर, गोदामात, ट्रेलरवर आहेत, त्यांनी आज रात्री जेवताना एवढेच विचारावे: गेटपासवर कोणाचे नाव आहे, आणि ईएसआय कापतात का? आपल्यातही काही भाऊ ठेकेदार आहेत. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही शिकवण त्यांनीही लहानपणापासून ऐकली आहे. ज्याचे रक्त सांडले, त्याला तर ताटकळत ठेवूच नये.