कुत्र्याला शिकवायचे कसे?

मार्च 1993 च्या मुंबई बाँबस्फोटांनंतर पोलिसांच्या 'झंजीर' या लॅब्रॅडॉर कुत्र्याने वासावरून तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स शोधून दिले. हे छडीच्या धाकाने साधेल काय? मला तसे वाटत नाही.

स्फोटकाचा वास लागताच कुत्र्याने गुपचूप खाली बसावे, असे त्याला शिकवतात. कारण पंजाने उकरले तर अनर्थ व्हायचा! बसताक्षणी त्याला खाऊ किंवा चेंडू मिळतो. बक्षिसाला उशीर झाला, तर कृतीशी असलेला त्याचा संबंध तुटतो.

आता उलट पाहा. हाक मारूनही कुत्रा उशिरा आला, म्हणून मालकाने त्याला छडी मारली. कुत्रा काय शिकला? मालकाजवळ गेले की मार बसतो! पुढच्या वेळी तो येणारच नाही. आमच्या इचलकरंजीत काय किंवा अन्यत्र काय, राखणीचा कुत्रा मारानेच तिखट होतो, असे मानणारे पुष्कळ आहेत. पण भेदरलेला कुत्रा चोर आणि पोस्टमन यांत फरक करीत नाही. तो दोघांनाही चावतो.

विद्यार्थी मित्रांनो, घरच्या कुत्र्याला 'बस' म्हणा आणि तो बसताच भाकरीचा तुकडा द्या. रोज पाच मिनिटे, आठवडाभर हे करा व नोंदी ठेवा. ती वही तुमच्या गुरुजींनाही जरूर दाखवा!