शेख एक, शेख दोन

कॉलेजात नावं लक्षात राहत नाहीत, ही प्राध्यापकांची तक्रार खरी आहे. अभियांत्रिकीच्या एका तुकडीत साठ-सत्तर विद्यार्थी असतात आणि सत्र संपलं की तितकेच नवे समोर येतात. एवढी नावं डोक्यात बसणार कशी? त्यासाठी कुणाच्या स्मरणशक्तीला दोष देऊ नये. प्रश्न आहे तो विसरलेल्या नावाच्या जागी आपण काय वापरतो याचा.

अंधेरीत शिकत असताना आमच्या वर्गात चार शेख होते. मी त्यांतला तिसरा. आपल्याकडे हजेरीपटावर आडनाव आधी येतं, म्हणून चौघांचे नंबर लागोपाठ. वर्षभर आम्ही ‘शेख एक, शेख दोन’ असेच राहिलो. कुलकर्णीही दोन होते, पण त्यांना त्यांच्या पहिल्या नावाने हाक मारली जाई. यात द्वेष होता असं मी म्हणणार नाही. सवयीची नावं जिभेवर चटकन येतात, इतकंच. तरी परिणाम व्हायचा तो होतोच : मुलाची ओळख पुसट होते आणि समाजाची तेवढी उरते.

यावर उपाय आहे. 1987 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवून त्यांची आडनावं आणि व्यवसाय सांगितले. ‘बेकर’ हा शब्द आडनाव म्हणून सांगितला तर तो विसरला जाई, व्यवसाय म्हणून सांगितला तर जास्त आठवे. व्यवसायासोबत पाव, भट्टी असं चित्र उभं राहतं. नुसत्या आडनावासोबत काहीच नाही. आपल्याकडच्या अत्तार, बागवान, तांबोळी या आडनावांचंही तेच.

म्हणजे नावाला अर्थ जोडला की ते टिकतं. ‘प्रकाश’ सोपं वाटतं, कारण अर्थ माहीत असतो. ‘नूर’ म्हणजेही प्रकाशच. ‘आरिफ’ म्हणजे जाणणारा, ‘शाहीन’ म्हणजे ससाणा. पहिल्या तासाला प्रत्येकाला नावाचा अर्थ आणि उच्चार विचारायला फार वेळ लागत नाही. पहिले काही आठवडे बाकावर नावाची पट्टी ठेवावी. हजेरीपटावर पहिलं नाव आधी छापावं. सॉफ्टवेअरमध्ये हा बदल काही मिनिटांचा आहे, हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगतो.

आपल्या मुलांनीही ‘काहीही म्हणा, सर’ म्हणणं सोडावं. उच्चार चुकला तर अदबीने दुरुस्त करावा. आणि प्रयोगशाळेतल्या ज्या काकांना आपण चार वर्षं नुसतं ‘काका’ म्हणतो, त्यांचंही नाव विचारावं.