पाढ्यांचा कैवार, बाजाराचा विसर

सहावी ते आठवीच्या गणितात प्रकल्प आणि पाहुण्यांचं जे खूळ शिरलं आहे ते वेळीच उपटून टाकावं, असं एका ज्येष्ठ गणितप्रेमींनी नुकतंच लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. गणित म्हणजे सराव. पाढे पाठ करावेत, उदाहरणं सोडवावीत, चुकली की पुन्हा सोडवावीत. प्रकल्प म्हणजे पालकांना दिलेला गृहपाठ आणि पाहुणा म्हणजे बुडालेल्या दोन तासिका. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं आणि आमचं गणित कच्चं राहिलं नाही. संपला युक्तिवाद. त्यांच्याच वर्गातल्या ज्या मुलांचं गणित कच्चं राहिलं, जी सातवीनंतर शाळेत दिसलीच नाहीत, त्यांच्यासाठी लेखात एक ओळही नाही.

मी याच वर्गांना गणित शिकवते. हा लेख शिक्षकांच्या खोल्यांतून हातोहात फिरतो आहे. ज्यांना खडू-फळ्यापलीकडे काही करायचंच नव्हतं त्यांना तो आयता सापडला आहे, म्हणून हे उत्तर.

किरकोळ आक्षेप आधी हातावेगळे करते. प्रकल्प पालक करतात, हे खरं आहे. पण स्टेशनरीच्या दुकानातून छापील तक्ता आणायचा, त्याला चकचकीत कागद लावायचा आणि आकारिक मूल्यमापनाच्या रकान्यात गुण भरायचे, याला मी प्रकल्प म्हणतच नाही. त्या प्रकाराचा राग त्यांच्याइतकाच मलाही आहे. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणे. फळ्यावरची उदाहरणं उतरवून घेतली की अभ्यासक्रम वहीत पूर्ण होतो, मुलांच्या डोक्यात नाही. शिष्यवृत्तीचं नुकसान होतं म्हणे. शिष्यवृत्तीला बसणारी मुलं वर्गात मूठभर, आणि मी सगळ्या वर्गाची शिक्षिका आहे.

पण 'आमच्या वेळी' हा त्यांच्या लेखाचा मुख्य खांब, तो असा एका ओळीत सोडता येणार नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही अपूर्णांकांच्या पाढ्यांची नावं त्यांनी मोठ्या अभिमानाने ओळीने लिहिली आहेत. तिन्हीसांजेला परवचा म्हणणारी मुलं, दारात बसून ऐकणारे आजोबा, सगळं आहे. फक्त हे पाढे होते कशासाठी, हा प्रश्न त्यांना पडलेला नाही. मला तो पडतो, कारण त्यांचा सगळा युक्तिवाद तिथेच उलटतो.

रुपयाचे आणे १६, आण्याचे पैसे ४. चार आणे म्हणजे पाव रुपया, आठ आणे म्हणजे अर्धा, बारा आणे म्हणजे पाऊण. मणाचे शेर ४०, आणि शेराचेही पुन्हा अच्छेर, पावशेर, अदपाव. ज्या गावात प्रत्येक वस्तू पावाच्या आणि अर्ध्याच्या भाषेत विकली जाते, त्या गावातल्या मुलाला पावकी-निमकी लागतेच. सव्वा आणा शेराच्या भावाने सात शेर धान्य घेतलं तर पैसे किती? सवायकी येणारा पोरगा 'पावणेनऊ आणे' म्हणून मोकळा होतो. कागद नाही, पेन्सिल नाही. औटकीचा पाढा साडेतीनचा. साडेतीन आणे वाराने पाच वार कापड घेणाऱ्याला साडेसतरा आणे झाले हे तोंडावर आलं पाहिजे, नाहीतर कापडवाला सांगेल ते खरं. म्हणजे आमच्या लेखकमहाशयांनी शुद्ध, कोरड्या, व्यवहारापासून अलिप्त सरावाचा नमुना म्हणून जे पुढे केलं आहे, ते या देशातल्या बाजारपेठेने घडवलेलं गणित आहे. मुलगा सकाळी पंतोजींपुढे पाढा म्हणत होता आणि दुपारी दुकानाच्या गादीवर तोच पाढा वापरत होता. पाढा पक्का झाला तो या दोन्हींमुळे. संध्याकाळची परवचा त्यांना आठवते आणि दुपारचं दुकान ते विसरतात.

आणि मग हे पाढे का गेले? मास्तर आळशी झाले म्हणून नव्हे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याच्या आदल्या वर्षी, १९५६ साली, मेट्रिक वजनमापांचा कायदा झाला होता. शेर जाऊन किलो आला, वार जाऊन मीटर आला. बाजार दशमानाने चालू लागला आणि पावकीच्या पायाखालची जमीनच सरकली. आधी व्यवहार बदलला, मागोमाग पाढे गेले. आता व्यवहार शाळेबाहेर ठेवून नुसता सराव मागणारे लोक त्या पाढ्यांची परंपरा सांगतात, तेव्हा ती परंपरा त्यांना कळलेलीच नसते.

यावर ते म्हणतील, पाया पक्का असला की मूल कुठेही गणित वापरू शकतं, बाजार शिकवावा लागत नाही. हे तपासून पाहिलं गेलं आहे. १९८५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विक्रीच्या ओघात विचारलेले हिशोब त्या मुलांनी ९८ टक्के बरोबर सांगितले. तेच आकडे कागदावर नुसती गणितं म्हणून दिल्यावर बरोबर उत्तरं ३७ टक्क्यांवर आली. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा असाच मोठा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. बाजारातली मुलं शाळेच्या पद्धतीच्या उदाहरणांत अडली, आणि शाळेत नियमित जाणारी, वहीतली गणितं सोडवणारी मुलं बाजाराच्या हिशोबात अडली. दोन्ही बाजू नीट वाचा. नुसता बाजार पुरत नाही, हे मला मान्य आहे. पण नुसता सरावही पुरत नाही, आणि हे त्यांना मान्य करावंच लागेल. या दोन गणितांमध्ये पूल आपोआप तयार होत नाही. तो कोणीतरी बांधावा लागतो, आणि ती जागा शाळा आहे.

हा वाद नवा नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हातांच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला, तेव्हाही शाळेचा कारखाना होईल म्हणून हाकाटी झाली होती. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' म्हणायचं की नाही यावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! संख्येचं नाव काय ठेवायचं यावर घराघरांत तावातावाने भांडणं झाली. ती संख्या घेऊन मूल मोजणार काय, हे कोणी विचारलं नाही. मला त्या दोन्ही पक्षांचा कंटाळा आला होता आणि आजही येतो.

आता माझी बाजू. ती साधी आहे.

पाहुणा बोलवायचा तो भाषण द्यायला नाही. 'जीवनात गणिताचं महत्त्व' सांगणारा सुटाबुटातला माणूस मुलांना झोप आणतो, हे मीही पाहिलं आहे. बोलवायचा तो गवंडी, शिंपी, डेअरीवर दूध घेणारा, जमीन मोजणारा. आणि त्याने त्याचं रोजचं एक माप घेऊन यायचं, इतकंच.

आमच्या मैदानात एक गवंडीकाका आले होते. खुंट्या ठोकून त्यांनी दोरीचा कोपरा आखला. एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट, आणि तिरकं माप बरोबर ५ येईपर्यंत दोरी सरकवली. काटकोन लागला. सातवीच्या मुलांनी पायथागोरसचा सिद्धांत पाठ केलेला होता. काकांना त्याचं नाव माहीत नव्हतं आणि ते वापरत होते तो त्या सिद्धांताचा व्यत्यास, म्हणजे बाजूंच्या मापांवरून काटकोन ठरवणं. हा फरक फळ्यावर समजावताना माझी दमछाक होते. मैदानात मुलांनी तो स्वतःहून सांगितला. मग एका मुलीने विचारलं, "काका, तीन-चारच का? दोन आणि तीन घेतलं तर?"

"घे की. पण तिरकं माप टेपवर धड सापडायचं नाही, पोरी."

तिने घेतलं. काकांचा गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून काटकोन केला आणि तिरकं मोजलं. तीन फूट सात इंच दोन सूत, आणि वर थोडं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ते 'वर थोडं' कितीही बारीक टेप आणली तरी संपत नाही, कारण ते १३ चं वर्गमूळ आहे. आठवीत अपरिमेय संख्यांचा धडा आला तेव्हा मला सुरुवात शोधावी लागली नाही. मुलांनीच विचारलं, "बाई, काकांच्या टेपवर न सापडलेली ती हीच का?" त्यानंतर वर्गमुळांची उदाहरणं त्यांनी कंटाळा न करता सोडवली. सराव झाला, भरपूर झाला. पण आधी प्रश्न आला आणि मग सराव.

असं प्रत्येक गावात सापडतं. वाळूचा ढीग किती ब्रास, हे १०० घनफुटांनी भागून काढता येतं आणि ट्रॉलीवाल्याने सांगितलेला आकडा पडताळता येतो. साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफची (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) दुधाची पावती हे दशांश अपूर्णांकाचं पुस्तकापेक्षा चांगलं पान आहे. विजेच्या बिलात १०० युनिट ओलांडले की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो, असं निम्मं गाव समजतं. चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो, हे सहावीचं मूल आईला दाखवू शकतं. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एकर, आणि सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर. घरच्या उताऱ्यावरचं क्षेत्र स्वतः बदलून पाहणारी मुलं एककांचं रूपांतर विसरत नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना, सुतार-माळी-कुंभारांकडे शिकायला ठेवले आहेत. ते सहलीत घालवू नका, मोजमापाला द्या.

राहिला त्यांचा शेवटचा, विजयी मुद्रेने विचारलेला प्रश्न: याला गुण कसे देणार? वही तपासून. पहिलं चुकलेलं माप खोडरबराने न पुसता तसंच ठेवलं आहे का, शेजारी दुसरं माप आहे का, आणि पहिलं का चुकलं हे एका वाक्यात लिहिलं आहे का, एवढं मी पाहते. हे वाक्य आई-वडिलांना लिहून देता येत नाही, कारण मोजताना ते तिथे नव्हते.