थंडीतही न बसणारी घडी

इफ्तारच्या शरबतातला बर्फ आपल्याला शिस्तीचा वाटतो. तसा तो नाही. बर्फात प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार हायड्रोजन, दोन जवळ आणि दोन लांब. पण जवळचे दोन कोणते, याचे सहा पर्याय. म्हणून कितीही थंड केला तरी थोडी अव्यवस्था, म्हणजेच एन्ट्रॉपी, शिल्लक राहते. लायनस पॉलिंग यांनी 1935 मध्ये तिचा हिशेब कागदावर केला. पुढच्याच वर्षी जिऑक आणि स्टाउट यांच्या मोजमापाशी तो जुळला.

आम्हाला अधिक नवल वाटतं ते डिस्प्रोसियम टायटनेट या चुंबकीय स्फटिकाचं. त्यात चार कोपऱ्यांचे पिरॅमिड असतात आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक इवलासा चुंबक. दोघांचं तोंड आत, दोघांचं बाहेर, एवढाच नियम. सोळा मांडण्यांपैकी सहा चालतात आणि त्यांतली कुठलीच दुसरीपेक्षा सरस नाही. मग निवड करायची कशी? (चार भावंडं आणि दोन खिडक्या असलेल्या घरांना हा पेच समजावून सांगायला नको.) या बर्फासारख्या वागण्यामुळे त्याला ‘स्पिन आइस’ म्हणतात.

1999 मध्ये रामिरेझ आणि सहकाऱ्यांनी त्याची उष्णता उणे 273 अंशांच्या अगदी जवळ मोजली, तेव्हा जवळपास पॉलिंगचाच आकडा निघाला. पण इतक्या थंडीत हे चुंबक फार मंदावतात. 2013 मध्ये दुसऱ्या एका गटाने स्फटिकाला स्थिरावायला पुष्कळ वेळ दिला, आणि ती शिल्लक दिसेना. पुढच्या मोजमापांनी त्या निष्कर्षावरही शंका घेतली. वाद अजून चालू आहे.