कागद जपणारा समाजच इतिहास सांगतो

नेसरी म्हटले की महाराष्ट्राला प्रतापराव गुजर आणि १६७४ ची खिंड आठवते. त्या बलिदानाचे स्मारक झाले, ते योग्यच झाले. परंतु याच पंचक्रोशीत ज्यांनी गावकीची कामे नाकारली, बहिष्कार सोसला आणि बुद्धाला शरण गेले, त्यांची नोंद कोठे आहे?

या बाबतीत अमेरिकेतील ज्यू समाजाकडे पाहावे. १६५४ साली २३ ज्यू निर्वासित आजच्या न्यूयॉर्कला उतरले. पुढे या समाजाने १८९२ मध्ये स्वतःची इतिहास संस्था स्थापन केली आणि १९४७ मध्ये सिनसिनाटीला अभिलेखागार उभारले. तेथे केवळ पुढाऱ्यांची चरित्रे नाहीत. प्रार्थनामंदिरांची इतिवृत्ते आणि सामान्य कुटुंबांची पत्रेही आहेत, आणि ती अभ्यासकांना खुली आहेत.

ज्यू महाराष्ट्रालाही परके नाहीत. कोकणात तेलाचा घाणा चालविणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे 'शनवार तेली' म्हणजेच मराठी बोलणारे बेने इस्रायल. त्यांचा इतिहास हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिला, तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षे हस्तलिखित सांभाळले गेले, म्हणूनच तो उरला.

आपला अनुभव वेगळा नाही. बाबासाहेबांचे 'रिडल्स' महापरिनिर्वाणानंतर ३१ वर्षांनी, १९८७ मध्ये, वसंत मून यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी चळवळीतील स्त्रियांना गाठून त्यांच्या आठवणी टिपल्या, म्हणून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभे राहिले. या स्त्रियांचा लढा एरवी त्यांच्याबरोबरच गेला असता.

'त्यांच्याकडे पैसा आहे, आमच्याकडे काय?' हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. वकिली करताना आम्ही रोज पाहतो, कागद नसला की खरा दावाही लटका पडतो. राजर्षी शाहूंनी १९१८ मध्ये महार वतने खालसा करून जमिनी रयतावा केल्या. त्या काळचे कागद आज किती घरांत शिल्लक आहेत? जे आहेत त्यांना वाळवी लागते आहे. १९५६ चे धर्मांतर डोळ्यांनी पाहिलेली माणसे तर बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

म्हणून नेसरी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड परिसरातील प्रत्येक विहार समितीने या वर्षावासात एवढे करावे: ज्येष्ठांच्या आठवणी मोबाईलवर नोंदवाव्यात, जुने फोटो, हँडबिले, सभांची इतिवृत्ते आणि सातबारे यांच्या प्रती काढाव्यात, मूळ कागद ज्याचे त्याला परत द्यावेत आणि प्रती विहारात सर्वांना पाहण्यास ठेवाव्यात. कपाटात कुलूपबंद इतिहास वाळवीच्याच उपयोगाचा.

आपला इतिहास दुसरे लिहितील, या भरवशावर राहू नका. लिहिलाच, तर तो आपल्या बाजूने असेलच असे नाही.