काही उणे नसलेली मंडळी

प्रकटीकरणाच्या पुस्तकात आशियातील सात मंडळ्यांना लिहिलेली सात पत्रे आहेत. पर्गम आणि थुवतीरा येथील मंडळ्यांना खोट्या शिकवणीबद्दल बोल लावला आहे. स्मुर्णाच्या मंडळीपुढे तुरुंगवास उभा आहे. सातवे पत्र लावदिकीयाला आहे. या मंडळीत पाखंड शिरल्याचा उल्लेख नाही, अनाचाराचा नाही, छळाचाही नाही. तरीही सातांपैकी सर्वांत कठोर शब्द तिच्याच वाट्याला आले आणि कौतुकाचा एकही शब्द आला नाही. तिचा दोष असा की, आपण संपन्न आहोत, आपल्याला कशाचीच गरज नाही, असे ती समजत होती.

ही समजूत तिने आपल्या शहराकडून घेतली होती. लावदिकीया हे पेढ्यांचे आणि काळ्या लोकरीच्या व्यापाराचे गाव. वैद्यकविद्येसाठीही त्याचा लौकिक होता. इसवी सन 60 मध्ये भूकंपाने ते उद्ध्वस्त झाले, तेव्हा रोमची मदत न घेता नागरिकांनी ते स्वतःच्या पैशाने पुन्हा उभारले, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने केली आहे. नागरिक म्हणून ही गोष्ट अभिमानाचीच होती. पण कुणाचे काही लागत नाही ही वृत्ती उपासनेतही आली, आणि मंडळीचे देवाशी असलेले नातेच सैल झाले. म्हणून पत्रात शहराच्या याच अभिमानस्थळांवर बोट ठेवले आहे. सोन्याच्या गावाला दरिद्री म्हटले आहे, कापडाच्या गावाला उघडे, आणि वैद्यांच्या गावाला आंधळे. जवळच्या हेरापलीत गरम पाण्याचे झरे होते, कलस्सैला थंड पाणी मिळे. लावदिकीयाला पाणी दुरून नळांनी आणावे लागे. क्षारांचे थर बसलेले ते दगडी नळ आजही तुर्कस्तानातील डेनिझली शहराजवळच्या अवशेषांत पाहायला मिळतात. तू थंड नाहीस, गरमही नाहीस, कोमट आहेस, हा पत्रातला दाखला तेथील लोकांना समजावून सांगावा लागला नसेल.

आत्मिक आत्मसंतुष्टीविषयी बोलताना आपण सहसा आळस, थंडपणा, उपासनेला दांडी या गोष्टी मोजतो. या साऱ्या नंतरच्या आहेत. मूळ गोष्ट लावदिकीयाच्या पत्रात दिसते, ती म्हणजे गरज संपल्याची भावना. ज्याला काही उणे नाही, त्याच्याजवळ देवापाशी मागण्यासारखे काही उरत नाही. मग प्रार्थना चालू राहते, पण ती पाठ केलेल्या वाक्यांची होते. पवित्र शास्त्र वाचले जाते, पण त्यातील इशारे शेजाऱ्यासाठी आहेत असे वाटते. दानाचे पाकीट दर रविवारी ताटात पडते, पण ते दिल्याने घरातील एकही बेत बदलत नाही. असा माणूस वाईट नसतो. बहुधा तो मंडळीतील भरवशाचा माणूस असतो, म्हणूनच त्याला कुणी जागे करत नाही.

मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात याचे दोन मोठे धडे आहेत. ज्यांच्या नावाने आपण सभागृहे बांधली, त्यांनी स्वतःच्या बाबतीत ही स्थिती ओळखली होती.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, त्यांचे पुस्तक गाजले, 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला आले. बाहेरून पाहणाऱ्याला या जीवनात काही उणे दिसले नसते. पण पुढे लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात, की त्या वर्षांत त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी ही उणीव त्यांना स्पष्ट दिसली. त्याला निमित्त ठरले विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन. पाळकपदावर अनेक वर्षे घालवल्यानंतर, स्वतःच्याच चर्चमध्ये प्रवचन करताना आपले हृदयपरिवर्तन झाले, असे हॅस्लमने त्यात लिहिले आहे. ते वाचून रमाबाईंनी स्वतःला प्रश्न विचारला. विदुषी, समाजसुधारक, संस्थाचालक ही सारी बिरुदे बाजूला ठेवून आपण रित्या हातांनी देवासमोर उभ्या आहोत, हे त्यांनी मान्य केले.

त्यानंतर त्यांच्या कामाची जात बदलली. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. तरुणपणी दुष्काळातच आईवडील गमावलेल्या रमाबाईंना या मुलींची भूक ठाऊक होती. एवढ्या जणींना पोसण्याइतका पैसा हाताशी नव्हता. तो येईल या विश्वासावर केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले. पुढे 1905 मध्ये तेथे जे आत्मिक संजीवन झाले, त्याची आठवण आपण आवडीने काढतो. पण त्याआधीची वर्षे विसरतो. 1905च्या जानेवारीपासून तेथील स्त्रिया रोज प्रार्थनेला जमत होत्या, आणि उद्याच्या धान्याचा प्रश्न जिथे खरा असतो, तिथे रोजच्या भाकरीची विनंती तोंडदेखली राहत नाही. जून महिन्यात जे घडले, ते या जमिनीत उगवले.

दुसरा धडा रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अहमदनगर येथे अमेरिकन मिशनबरोबर वीसहून अधिक वर्षे काम केले. शिक्षक, कवी, 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक असा त्यांचा लौकिक होता. बाप्तिस्म्यासाठी घर, जात, नातीगोती यांची किंमत त्यांनी मोजली होती. आता पुरे, असे म्हणण्याचा अधिकार कुणाला असेल, तर त्यांना होता. पण 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात स्थान होते. साताऱ्याला राहून त्यांनी हे काम केले. मे 1919 मध्ये त्यांचे निधन झाले. प्रयोगाला अवघी दोन वर्षे मिळाली, म्हणून तो फसला असे कुणी म्हणेल. आम्हाला त्यातून वेगळी गोष्ट शिकायला मिळते. साठीकडे झुकलेल्या, मान्यता मिळालेल्या माणसाने आधीच्या त्यागावर जगायचे नाकारले. बाप्तिस्म्याच्या दिवशी दिलेले उत्तर त्यांनी बावीस वर्षांनी पुन्हा दिले.

आज आपल्यापैकी बहुतेक जण दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीचे ख्रिस्ती आहोत. आपल्या पणजोबांना गावाने पाणी तोडले असेल, पणजीला माहेर तुटले असेल. त्यांनी मोजलेल्या किमतीवर शाळा, दवाखाने, वसतिगृहे आणि आपले शिक्षण उभे राहिले. हा वारसा देवाची देणगी आहे. पण वारशाने विश्वासाचे नाव मिळते, विश्वास मिळत नाही. अनेक मंडळ्यांच्या बैठकांत आज सर्वाधिक वेळ जमिनी, भाडेकरू, दावे आणि निवडणुका यांवर जातो. मालमत्ता सांभाळणे हे कर्तव्य आहे, ते टाळू नये. पण वर्षभराच्या इतिवृत्तात कुणा भुकेल्याचा, कुणा दुरावलेल्याचा, कुणी मागितलेल्या क्षमेचा उल्लेख नसेल, तर लावदिकीयाचे पत्र आपल्या पत्त्यावर आले आहे असे समजावे.

इथे एक भेद करायला हवा, नाहीतर हा लेख चुकीच्या माणसाला दुखवील. आत्मसंतुष्टी वेगळी आणि आत्मिक कोरडेपणा वेगळा. आजारपणात, शोकात, थकव्यात प्रार्थना सुकते. देव दूर गेला असे वाटते. मदर तेरेसांची खाजगी पत्रे 2007 मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, तेव्हा अनेक वर्षे त्यांनी असा अंधार सोसल्याचे जगाला कळले. तरीही कोलकात्यातील त्यांचे काम थांबले नाही. कोरडा माणूस तहानलेला असतो आणि त्याला ते ठाऊक असते. त्याला धीर हवा, फटकारा नको. आत्मसंतुष्ट माणसाला तहान लागलेलीच नसते. ज्याला या लेखाने आपल्या तहानेची आठवण झाली, त्याने निराश होण्याचे कारण नाही.

मग उपाय काय? संजीवन सभा, उपवासकाळ, शिबिरे यांचे मोल आहे, पण तेथे पेटलेली भावना घरी टिकवायला काही रोजची रीत लागते. मेथडिस्ट चळवळीत ती रीत जवळजवळ योगायोगाने सापडली. 1742 मध्ये ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडायचे होते. दर सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि बारा-बारा जणांमागे एका पुढाऱ्याने ती गोळा करावी, असे ठरले. पुढारी घरोघर जाऊ लागले, तेव्हा कुणाच्या घरात भांडण आहे, कुणी पुन्हा दारूकडे वळला आहे, हे त्यांना कळले. चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने या व्यवस्थेचे महत्त्व ओळखले. बारा जणांनी दर आठवड्याला एकत्र बसून तुझ्या आत्म्याचे कसे चालले आहे हे परस्परांना विचारायचे, अशी रीत पडली. वेस्लीला पुढचा धोकाही दिसला होता. विश्वासाने माणूस कष्टाळू आणि काटकसरी होतो, त्याने श्रीमंत होतो आणि श्रीमंतीने विश्वास विसरतो, ही काळजी त्याने उतारवयात लिहून ठेवली. भरपूर मिळवा आणि साठवा, पण भरपूर द्याही, हा त्याचा त्यावरचा उपाय होता.

यातून आपल्या मंडळ्यांसाठी तीन गोष्टी सुचतात. पहिली, दहा-बारा जणांचे छोटे गट, ज्यांत भाषणे होणार नाहीत, तर माणसे एकमेकांची खरी विचारपूस करतील आणि ऐकलेले बाहेर नेणार नाहीत. पाळकांनाही असा गट हवा, कारण त्यांना हा प्रश्न कुणीच विचारत नाही. दुसरी, ज्याने घरखर्चाच्या वहीत फरक पडेल असे दान. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, आपल्या ताकदीबाहेरचे एखादे काम. ऊसतोड कामगारांच्या मुलांची शाळा असो, व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांचे घर असो, की गावातील एकट्या वृद्धांची रोजची काळजी. ते असे असावे की देवाने हात दिला नाही तर ते आपल्याच्याने निभणार नाही.

लावदिकीयाच्या पत्राचा शेवट शिक्षेने होत नाही. ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांनाच मी शिस्त लावतो, असे प्रभू सांगतो, आणि दार ठोठावत उभा राहतो. हे चित्र आपण बाहेरच्यांना दिल्या जाणाऱ्या पत्रकांवर छापतो. मूळ पत्रात मात्र ते दार एका मंडळीचे आहे, आणि प्रभू तिच्या बाहेर उभा आहे. म्हणून आमची विनंती मंडळ्यांच्या कार्यकारिणींना आहे. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत हिशोबाच्या आधी एक विषय घ्यावा: देवावाचून अडेल असे कोणते काम आपण या वर्षी हाती घेणार? उत्तर सापडेपर्यंत सभा पुढे नेऊ नये. आणि सापडले, की त्यासाठी त्याच सभेत माणसे नेमावीत.